थेंब डोळ्यात, अंधार वाटेवर

शेतकरी बंधूंनो, या पानावर आपण नेहमी बोंडअळी, खताची मात्रा, बीजप्रक्रिया असले विषय बोलतो. आज डोळ्यांवर बोलायचे आहे. मी शेतकी पदविका घेतलेला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी लिहितो आहे, कारण माझ्या हद्दीतल्या एका गावात जे घडले त्यात माझाही वाटा आहे, आणि तो लपवून काही उपयोग नाही.

त्या गावात एक आबा आहेत. सत्तरीला टेकलेले. पाच एकर रान, विहीर, खरिपात कपाशी आणि रब्बीत गहू-हरभरा. त्यांना काचबिंदू आहे, म्हणजे डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. एक थेंब आधीपासून चालू होता. त्याने दाब पुरेसा उतरेना, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसरा जोडला. दिवसातून चार वेळा. हा दुसरा थेंब बाहुली बारीक करणारा होता. नाव पिलोकार्पिन.

चार-सहा दिवसांत आबांची तक्रार सुरू झाली. दुपारी उन्हात सगळे ठीक. पण दिवेलागण झाली की घरातला दिवा कुणी बारीक केल्यासारखे वाटे. रात्रीच्या लाईटीवर दारे धरायला गेले तर सरी कुठे आणि वरंबा कुठे कळेना. दोनदा पाटात पाय गेला. कपाळही ठणकायचे, भुवईच्या वर. पोराने सांगितले, "वय झालं आबा, आता रात्रीचं जाऊ नका." आबांना ते पटले नाही. मी गावात गेलो होतो तेव्हा पारावर त्यांनी मला विचारले, "साहेब, औषधानं नजर कमी होती का वो?"

मी काय म्हणालो ते जसेच्या तसे लिहितो. म्हणालो, "आबा, औषध नजर वाचवायला असतं. गरमी झाली असेल. थोडे दिवस बंद करून बघा."

त्यांनी बंद केले. दोन्ही थेंब बंद केले, कारण बाटल्या सारख्याच दिसत होत्या. दोन दिवसांत संध्याकाळची वाट पुन्हा दिसू लागली. पुढच्या फेरीत मला भेटून म्हणाले, "साहेब, तुमचं बरोबर निघालं." मीही खूष झालो. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी डाव्या बाजूने आलेली मोटारसायकल त्यांना दिसलीच नाही. मार फारसा लागला नाही, पण तपासणीत कळले की डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली आहे. डॉक्टर म्हणाले, नुकसान आधीपासून होतेच, या महिन्यांनी त्यात भर घातली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब बंद करायला कोणी सांगितले, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा आबांनी माझे नाव घेतले नाही. मला ते त्यांच्या पोराकडून कळले.

त्यानंतर मी या थेंबांविषयी मिळेल ते वाचले, डोळ्यांच्या डॉक्टरांना जाऊन विचारले. आबांना दिसायचे ते खरे होते. औषधाने अंधार होत होता. आणि औषध बंद करणेही चूक होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते तुम्हाला सांगतो.

बाहुली म्हणजे भोक

डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतो ती बाहुली. तो ठिपका नाही, भोक आहे. त्यातून उजेड आत जातो आणि मागच्या पडद्यावर पडतो. भोकाच्या भोवती जो तपकिरी पडदा असतो त्यात दोन तऱ्हेचे स्नायू आहेत. एक गोल, लेंग्याच्या नाडीसारखा. तो ओढला की तोंड आवळते. दुसरा सायकलच्या आऱ्यांसारखा. तो ओढला की भोक मोठे होते. उन्हात नाडी ओढली जाते, अंधारात आरे ओढले जातात. हे काम आपल्याला न कळत दिवसभर चालते.

नाडी ओढण्याचा हुकूम नसेतून येतो. नसेच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा पदार्थ सुटतो आणि स्नायू आवळतो. पिलोकार्पिन हे त्या पदार्थाचे सोंग घेते. स्नायूला वाटते हुकूम आला. पंधरा मिनिटे ते अर्धा तास गेला की बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते, आणि कित्येक तास तशीच राहते. मग बाहेर ऊन असो की अमावस्या असो, ती उघडत नाही.

आता हिशेब करा. तरुण माणसाची बाहुली अंधारात सहा मिलिमीटर किंवा जास्तही उघडते. ती दोनवर आणली तर रुंदी एक तृतीयांश झाली. पण उजेड रुंदीने मोजत नाहीत, क्षेत्रफळाने मोजतात. पाइपाचा व्यास आणि पाणी यांचा हिशेब तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे आत जाणारा उजेड एक नवमांश. नऊ दिव्यांतले आठ विझवल्यासारखे. वय झालेल्या माणसाची बाहुली मुळातच कमी उघडते, समजा चार. तीही दोनवर आली की उजेड पाव उरतो. आबांनी दिवा बारीक केल्यासारखे म्हटले ते यापेक्षा नेमके मलाही सांगता आले नसते.

मग हे औषध देतात कशाला? डोळ्याच्या आत एक पातळ पाणी सतत तयार होते आणि एका चाळणीतून बाहेर झिरपते. आत येणारे पाणी तेवढेच, पण चर बुजला, की वावरात जे होते ते डोळ्यात होते. पाणी तुंबते, दाब चढतो. पिलोकार्पिन बाहुलीच्या मागचा आणखी एक स्नायू ओढते, त्या ओढीने चाळणीची भोके ताणली जातात आणि पाणी वाहते होते. काही जणांत बुबुळाचा पडदाच चाळणीवर येऊन बसलेला असतो. तिथे बाहुली आवळली की पडदा मध्ये ओढला जाऊन चाळणी मोकळी होते. अशा माणसाला लेसर करण्याआधीही हा थेंब घालतात. म्हणजे पहिल्या तऱ्हेच्या रोग्यात बाहुली बारीक होणे हा उपचार नव्हेच. खरा उपचार आत चालतो, बाहुली त्याच्याबरोबर फरपटत जाते. हे एक वाक्य मला त्या दिवशी पारावर माहीत असते तर बरे झाले असते.

लग्नपत्रिका आणि सातबारा

सांगून पटत नाही ते करून पटते. घरात जुनी लग्नपत्रिका असेल. तिला जाड सुईने एक स्वच्छ भोक पाडा. ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांनी चष्मा काढून सातबारा हातात घ्यावा. अक्षरे पुसट दिसतील. आता पत्रिका डोळ्याजवळ धरून त्या भोकातून वाचा, भर उन्हात. अक्षरे चक्क सुटी सुटी दिसतात. एका ग्रामसभेनंतर मी हे केले तर तलाठी अण्णांनी पत्रिका परत द्यायलाच नकार दिला.

हे का होते? मोठ्या भोकातून उजेड चारी बाजूंनी तिरका येतो आणि भिंग कमजोर असेल तर पडद्यावर पसरतो. बारीक भोकातून फक्त सरळ किरण येतात, पसारा कापला जातो. बाहुली बारीक करणारा थेंब नेमके हेच करतो. म्हणून पिलोकार्पिन घालणाऱ्या काही म्हाताऱ्या माणसांना दुपारी पेपर बिनचष्म्याचा वाचता येतो, आणि घरचे म्हणतात औषध लागू पडले. दाबावर औषध लागू पडले की नाही ते यावरून कळत नाही, ते यंत्रावर मोजूनच कळते.

आता तीच पत्रिका घेऊन दिवेलागणीला गोठ्याकडे जा आणि भोकातून बघत दावणीपर्यंत चाला. जपून चाला. आबांच्या रात्री कशा गेल्या ते चार पावलांत कळेल.

याच गुणाचा उपयोग करून चाळिशीवरचे थेंब निघाले आहेत. अमेरिकेत 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सव्वा टक्का ताकदीच्या पिलोकार्पिनला त्यासाठी मंजुरी मिळाली. पंधरा मिनिटांत असर, जवळपास सहा तास टिकतो. आपल्याकडे 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी मुंबईच्या एका कंपनीच्या अशा थेंबांना परवानगी दिली. पेपरात, टीव्हीवर चष्मा गेलाच अशा थाटात बातम्या आल्या. कंपनीने मंजुरीपलीकडचे दावे केले म्हणून सप्टेंबरमध्ये ती परवानगी स्थगित झाली. त्या बातम्या वाचून आमच्या भागातही दोघा-तिघांनी मेडिकलवाल्याकडे बाहुलीचे थेंब मागितले होते. बंधूंनो, चाळिशीचा चष्मा नाकावरून काढून खिशात ठेवता येतो. डोळ्यात पडलेला थेंब काढून ठेवता येत नाही. दुपारी बाजारात हिशेब वाचायला घातला आणि मुक्कामाची गाडी अंधारात हाकायची वेळ आली तर बाहुली अजून बंदच असेल.

आणखी काय काय होते

उजेड कमी होणे ही मुख्य गोष्ट, पण बाकीचेही थोडे ऐका. थेंबाने आतला जो स्नायू ओढला जातो तो भिंगही फुगवतो. तरुण माणसात भिंग मऊ असते, त्यामुळे नजर जवळ येऊन अडकते आणि लांबचे धूसर दिसते. समोरच्या एसटीची पाटी वाचता येत नाही. साठीच्या पुढे भिंग कडक झालेले असते, तिथे हा त्रास कमी. कपाळ आणि भुवई दुखणे त्याच ओढीचे. बहुतेकांना पहिल्या काही दिवसांत ते कमी होते. ठणका आहे म्हणून थेंब बंद करायचा नसतो, डॉक्टरांना सांगायचे असते.

ज्यांना काचबिंदूबरोबर मोतीबिंदूही आहे त्यांचे हाल जास्त. मोतीबिंदू मधोमध असला आणि बाहुली बारीक झाली, की खिडकीच्या नेमक्या मधल्या तावदानाला चुना फासावा तसे होते. आधी कडेकडेने थोडे दिसत होते, तेही बंद. दुपारच्या उन्हातही असा माणूस चाचपडतो.

ज्यांचा उणे नंबर मोठा आहे त्यांनी एक जास्त ध्यानात ठेवावे. आतल्या ओढीने क्वचित मागचा पडदा फाटू शकतो किंवा सुटू शकतो. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे वाटणे, अचानक काळे ठिपके उडणे, एका बाजूने पडदा उतरल्यासारखे होणे, यातले काही झाले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचे. अमावस्या-पौर्णिमा बघायची नाही, बाजाराचा दिवसही बघायचा नाही.

पिलोकार्पिनचे मूळ मात्र तुम्हा-आम्हाला जवळचे वाटावे असे आहे. ते पानातून निघते. ब्राझीलच्या उत्तरेकडे जाबोरांडी नावाचे झुडूप आहे. तिथले मूळ लोक त्याची पाने घाम आणि लाळ सुटण्यासाठी वापरीत. त्या नावाचा अर्थच लाळ गाळायला लावणारे असा सांगतात. 1875 साली फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये दोघांनी वेगवेगळे काम करून पानातला हा अर्क वेगळा काढला आणि पुढच्या दोनेक वर्षांत तो काचबिंदूवर वापरातही आला. आज जास्त सोयीचे दुसरे थेंब आहेत, दिवसातून एकदा घालायचे, त्यामुळे याचा वापर घटला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि ज्याला गरज आहे त्याला आजही देतात.

फवारणीनंतरची बारीक बाहुली

आता जो भाग येतो तो काचबिंदू नसलेल्यांनीही नीट वाचावा. किंबहुना या पानावर हा विषय घेण्याचे माझे दुसरे कारण तेच आहे.

वर सांगितले की पिलोकार्पिन नसेच्या हुकुमाचे सोंग घेते. आपण कपाशीवर, तुरीवर मारतो ती ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके, म्हणजे प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, अ‍ॅसिफेट ही मंडळी, वेगळ्या वाटेने तिथेच पोचतात. हुकूम दिल्यावर तो पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. ही औषधे त्या द्रव्यालाच निकामी करतात. हुकूम पुसला जात नाही, स्नायू आवळलेलेच राहतात, ग्रंथी गळतच राहतात. अळी अशीच मरते. माणसाच्या अंगात पुरेसे गेले तर माणसाचेही तेच होते.

म्हणून फवारणी करून आलेला माणूस संध्याकाळी म्हणाला, "डोळ्यापुढं अंधारी येतेय, धुरकट दिसतंय," तर त्याला उजेडात बसवून बाहुली बघा. टाचणीच्या टोकाएवढी असेल, आणि सोबत घाम, लाळ, डोळ्यांना पाणी, मळमळ, पोटात कळा, छाती भरल्यासारखी, अंगावरचे मांस फुरफुरणे यातले काही असेल, तर ती गरमी नव्हे. लिंबू-सरबत पाजून सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. अंगातले कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. ओकारी मुद्दाम काढू नका, दूध-तेल पाजू नका. औषधाची बाटली किंवा निदान तिचे लेबल बरोबर न्या. डॉक्टरांना त्रिकोणाच्या रंगापेक्षा आतल्या औषधाचे नाव जास्त उपयोगी पडते. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात, ते या आवळलेल्या स्नायूंना आणि गळणाऱ्या ग्रंथींना सोडवते.

उलट बाजूही सांगतो. बाहुली नेहमीसारखी दिसली म्हणजे विषबाधा नाही, असे धरून चालू नका. कधी कधी ती मोठीही असते. आणि पायरेथ्रॉइडसारख्या दुसऱ्या गटांच्या औषधांत बाहुलीची ही खूण नसते. बारीक बाहुली दिसली तर धावा. नाही दिसली तरी बाकीची लक्षणे असतील तर धावाच.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले, त्यांत डोळ्यांच्या तक्रारी घेऊन आलेलेही होते. ते वर्ष आमच्या खात्यातला कोणी विसरलेला नाही.

एक गोष्ट वाचून मी थक्क झालो. 1960 च्या सुमारास काचबिंदूवर इकोथायोफेट नावाचा एक थेंब वापरात आला, तो चक्क ऑर्गनोफॉस्फेटच होता. अळीला मारणाऱ्या घराण्यातलाच. त्याचा असर दिवसेंदिवस टिके. त्याच्या माहितीपत्रकात शेतकरी आणि बागकाम करणाऱ्यांना खास इशारा होता, की अशा कीटकनाशकांच्या सान्निध्यात आलात तर दोन्ही विषारी परिणामांची बेरीज होईल. म्हणजे फवारणीचा पंप आणि डोळ्याची बाटली यांचे नाते जुने आहे, ते मी ओढून-ताणून आणलेले नाही.

यातून कामाचा मुद्दा असा निघतो. ज्याला पिलोकार्पिन चालू आहे त्याची बाहुली मुळातच बारीक असते. असा माणूस फवारणीत सापडला तर बाहुलीची खूण फसवी ठरते. म्हणून घरच्यांनी दवाखान्यात पोचल्या पोचल्या सांगायचे, "यांना काचबिंदूचा थेंब चालू आहे." बाटली बरोबर असली तर उत्तम. माझे मत विचाराल तर अशा माणसाने फवारणी करूच नये, ते काम दुसऱ्याकडे द्यावे.

आणि धोतरा. बांधावरचा, पांढऱ्या फुलाचा, काटेरी बोंडाचा. त्यात अ‍ॅट्रोपिन आणि त्याची भावंडे असतात, आणि ती बरोबर उलटे करतात, बाहुली सताड उघडतात. धोतरा उपटलेला हात डोळ्याला लागला तर तेवढ्याच डोळ्याची बाहुली मोठी होते, ऊन सहन होत नाही, जवळचे वाचता येत नाही. परदेशात मका काढणाऱ्यांत हा प्रकार इतका दिसला, की डॉक्टरांनी त्याला मका तोडणाऱ्याची बाहुली असे नावच दिले. एकच बाहुली मोठी बघून डॉक्टरांना डोक्याला मार लागल्याची शंका येऊ शकते, तेव्हा तण उपटत होतो हे सांगायला विसरू नका. पण म्हणून औषधाने बारीक झालेल्या बाहुलीवर धोतऱ्याचा रस हा उतारा, असे डोके कोणी चालवू नका. असे विचारणारा एक भेटला होता, म्हणून लिहितो. काही प्रकारच्या काचबिंदूत बाहुली मोठी झाली तर दाब एकाएकी भडकतो आणि एका रात्रीत डोळा जाऊ शकतो.

थेंब चालू असताना

खालचा डोळ्याचा पाळा थोडा ओढून एकच थेंब. दुसरा घालून फायदा नाही, डोळ्यात मावत नाही, गालावर ओघळतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरा, म्हणजे औषध नाकावाटे अंगात कमी उतरते. घाम, मळमळ हा त्रास त्याने कमी होतो. दुसरा थेंब असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा, महिन्याने टाकून द्या.

बाटली ठेवायची कुठे, हे सांगायला कोणी येत नाही म्हणून मी सांगतो. आपल्याकडे एकाच कोनाड्यात कानाचे औषध, डोळ्याचे औषध, गोचिडाचे औषध आणि फेविक्विक नांदतात. बारीक बाहुलीचा म्हातारा संध्याकाळी त्या कोनाड्यात हात घालतो तेव्हा काय काय होऊ शकते याचा विचार करा. डोळ्याची बाटली वेगळ्या डब्यात ठेवा, आणि दोन थेंब असतील तर एकीला दोरा बांधा. आबांच्या दोन्ही बाटल्या एकसारख्या होत्या, म्हणून दोन्ही बंद झाल्या. एकीला दोरा असता तर एक तरी चालू राहिली असती.

संध्याकाळची शेवटची मात्रा कधी घ्यायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. रात्री पाळी आहे, गाडी चालवतो, दूध घालायला पहाटे चारला निघतो, हे त्यांना आपण सांगितले नाही तर त्यांना कळणार कसे? त्यांच्यापुढे बसतो तेव्हा आपण फक्त "बरं हाय" म्हणतो. दुसरा थेंब बदलून मिळू शकतो, लेसरचा विचार होऊ शकतो. वेळ आपल्या मनाने बदलायची नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले तर हा थेंब चालू आहे हे आधी सांगावे, कारण ऑपरेशनला बाहुली मोठी लागते.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. गावात नेत्र शिबिर होते तेव्हा चष्मे वाटल्याचा फोटो येतो आणि थेंब लिहून दिलेल्यांची यादी कुठेच राहत नाही. आशाताईंकडे ती यादी असू द्या. महिन्याने त्या घरी जाऊन एवढेच विचारायचे, थेंब चालू आहे का, आणि संध्याकाळी दिसते का? ज्या फीडरवर अजून रात्रीची पाळी आहे तिथे अशा म्हाताऱ्या माणसांच्या विहिरीच्या वाटेवर एक दिवा लागला तर त्याचा खर्च फार नाही. बाहुली उघडत नसेल तर बाहेरचा उजेड वाढवणे एवढेच आपल्या हातात असते. चांगली बॅटरी, स्टार्टरच्या पेटीजवळ बल्ब, विहिरीच्या काठाला कठडा.

आबांचा उजवा डोळा अजून चांगला आहे. आता त्यांना वेगळे थेंब आहेत आणि बाहुलीचा थेंब डॉक्टरांनी बदलला. दारे पोरगा धरतो. मी मागच्या आठवड्यात गेलो होतो तेव्हा सगळे सांगितले, माझे चुकले हेही सांगितले. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही खताचं सांगत जा." मग बाटली दाखवली. तिच्यावर फोडल्याची तारीख होती आणि मानेला लाल दोरा बांधलेला होता.